दोरलुंग सरकारच्या सहा गाड्या

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर पोलादपुरात सहा नव्याकोऱ्या मोटारगाड्या आल्या. त्यांना बघायला बाजारातली माणसं दुकानं उघडी टाकून रस्त्यावर आली होती. गाड्या पांढऱ्या होत्या, पाठीमागून पेटीसारख्या बंद. दारावर दोन डोंगर आणि मधे सूर्य असं चित्र, आणि त्याखाली कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. पहिल्या गाडीच्या चाकामागे हैबती बसला होता, खडकवाडीचा. त्याची बायको आवडी गर्दीत मागे उभी होती. नवऱ्यानं आपल्याकडे बघावं असं तिला वाटत होतं आणि बघू नये असंही वाटत होतं.

हैबती बारा वर्षं मुंबईत ड्रायव्हर होता. वर्षाला दोनदा घरी यायचा, गणपतीला आणि होळीला. लेक तुळसा त्याच्या नजरेआड मोठी झाली आणि लग्न होऊन बिरवाडीला गेलीसुद्धा. आता त्याच्या मालकांनीच त्याला गावाकडे धाडला होता, ते या गाड्यांपायी.

गाड्या हॅलबर्ग नावाच्या विलायती कंपनीच्या. मुंबईत त्या कंपनीचा कारभार पेस्तनजी नावाचे साहेब बघत. हिंदुस्थानच्या वरच्या अंगाला, बर्फाच्या डोंगरांच्या आड दोरलुंग म्हणून एक लहानसं राज्य होतं. त्या सरकारनं आजारी माणसं नेण्यासाठी सहा गाड्या मागवल्या होत्या. त्यांची अट एकच. आमच्याकडे सगळा घाट, तेव्हा गाड्या आधी एखाद्या अवघड घाटात चार महिने चालवा, मग आमचा माणूस येऊन डोळ्यांनी बघेल, आणि मग पैसे. पेस्तनजींनी नकाशा पुढे ओढला आणि आंबेनळीच्या घाटावर बोट ठेवलं. तो घाट घरच्या अंगणासारखा ओळखणारा ड्रायव्हर त्यांच्या पदरी होताच.

आंबेनळीच्या पायथ्याशी, खडकवाडीच्या खालच्या अंगाला महिपतराव म्हणून एका बड्या शेतकऱ्याचं माळरान होतं. कंपनीनं ते भाड्यानं घेतलं, तिथं पत्र्याची लांब शेड घातली, पेट्रोलची पिंपं आणून ठेवली. मुंबईहून गाड्या घेऊन आलेले बाकीचे पाच ड्रायव्हरही तिथंच राहिले. रोज सकाळी वाळूची पोती भरून सहाही गाड्या घाट चढायच्या आणि दुपारी उतरायच्या. आवडी भाकऱ्या घेऊन शेडवर जायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवरा रोज तिच्या हातचं जेवत होता. गाड्या कुणाच्या, कुठल्या राजाच्या, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

माघात पगार आला नाही. फाल्गुनात पेस्तनजी स्वतः आले. घाम पुसत शेडमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "दोरलुंगवाल्यांचा पैसा आला नाही. पत्राला जबाब नाही, तारेला जबाब नाही. कंपनी आम्हाला म्हणते, गाड्या जिथं हाय तिथं थांबवा, एक पैसा पण जास्ती खर्च करू नका."

"मग आमचा पगार, साहेब?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"ते आले की तुमचा पन येईल."

होळीला पाचही ड्रायव्हर मुंबईला निघून गेले. पेस्तनजींनी जाताना हैबतीच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला. "हैबती, तुझा भरोसा हाय. या गाड्या बिघडल्या तर माझी नोकरी गेली समज."

हैबतीनं किल्ल्या कनवटीला लावल्या. झालं, तेवढ्यावर तो बांधला गेला.

आवडी त्या दिवशी खूप बोलली. "ते पाच गेले ते काय येडे होते? तुमीच एकटे शहाणे? त्या राजानं कंपनीला फसवलं, कंपनीनं तुमाला फसवलं, नि तुमी मला."

हैबती चुलीपाशी बसून ऐकत होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता. ती थांबली तेव्हा म्हणाला, "आवडे, फसवला की नाय ते मागनं कळंल. गाडी उभी रायली की मरती गो. माणसासारखीच. हात लावणारं कोन नसलं तर सहा महिन्यांत भंगार. एवढं चांगलं काम केलंय ज्यानं बनवल्यात त्यानं. माझ्यानं नाय बघवत."

आवडीचा राग गेला नव्हता. भातशेती एवढीशी, वरकस जमिनीत नाचणी-वरी. त्यावर दोन माणसांचं भागत होतं इतकंच.

एके दिवशी महिपतराव माळावर आले. भाडं त्यांचंही थकलं होतं. गाड्यांभोवती एक फेरी मारून त्यांनी हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, मालकाचा पत्ता नाही, घेणाऱ्याचा पत्ता नाही. एक गाडी काढ. पोलादपूर-महाड माणसं भर. निम्मे तुझे, निम्मे माझे. कोण विचारायला येतंय?"

आवडीला ते पटलं. तिनं नवऱ्याकडे आशेनं बघितलं.

"दादा," हैबती म्हणाला, "गाडी कंपनीची हाय असं म्हणावं तर कंपनीनं ती विकलीय. दोरलुंगवाल्यांची म्हणावं तर त्यांनी पैसं नाय दिलं. म्हंजे आज तिला धनीच नाय. धनी नसलेल्या वस्तूवर मी भाडं कसं मारू?"

महिपतराव रागावतील असं आवडीला वाटलं. ते हसले. "तू मेल्या असाच मरशील," म्हणाले आणि गेले. पण वैशाखात त्यांनीच चार बैलगाड्या पेंढा धाडला. शेडच्या तिन्ही बाजूंनी पेंढ्याचे झाप बांधून घे, नाहीतर आडवा पाऊस आत शिरेल, असा निरोपही.

पोलादपूरचा पाऊस ज्याला ठाऊक आहे त्यालाच हैबतीच्या त्या वर्षीच्या कामाची किंमत कळेल. चार महिने कपडा वाळत नाही, मीठ पाणी होऊन वाहतं, घरातल्या विळ्या-कोयत्यांना एका रात्रीत तांबेरा चढतो. तिथं सहा लोखंडी गाड्या राखायच्या होत्या. त्यानं सगळ्या गाड्या लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवल्या, चाकं अधांतरी, म्हणजे रबर एका जागी दबून फाटू नये. उघड्या लोखंडाला करंजेल चोळलं. धुराड्याच्या नळीत कुंभारमाश्या घर करतात, म्हणून नळ्यांना काथ्याचे बोळे मारले. बॅटरीत घालायला विकतचं पाणी लागायचं, त्याला पैसे कुठले! त्यानं अंगणात चिनीमातीची बरणी उघडी ठेवली, आभाळातून सरळ आत पडलेलं पाणी फडक्यानं गाळलं आणि तेच बॅटऱ्यांना पाजलं.

आणि दर सोमवारी सहाही इंजिनं पाच-पाच मिनिटं सुरू करायची. पेट्रोल पुरवून वापरायचं होतं, म्हणून पाच मिनिटांच्या वर नाही.

हे काम एकट्याचं नव्हे. एकानं समोर उभं राहून लोखंडी हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं आत बसून चोक ओढायचा आणि पायानं दाबून इंजिनाला पेट्रोल द्यायचं. आवडी आधी कुरकुरत बसली. तिसऱ्या सोमवारी तिला आवाजावरून कळायला लागलं की आता चोक आत ढकलायला हवा. चौथ्या सोमवारी हैबती बोलायच्या आधीच तिनं तो ढकलला. त्यानं समोरच्या काचेतून तिच्याकडे बघितलं, आणि जो हसला! लग्नाला अठरा वर्षं झाली होती. असं कौतुक तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

"मला हँडल मारू द्या की एकदा," ती म्हणाली.

"उलटं मारतं ते. मनगट मोडंल."

"तुमचं कसं मोडत नाय?"

मग त्यानं दाखवलं. अंगठा कधी दांड्याभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. दांडा खालून वर ओढायचा, वरून खाली दाबायचा नाही. उलट फिरलाच तर बोटं आपोआप सुटतात. दारावरची ती न कळणारी अक्षरंही ती आता ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, देव पुसावेत तशी.

श्रावणात हैबती तापानं पडला. दोन दिवस काढा झाला, तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला. घाटात दरड कोसळलेली, एसटी पोलादपूरच्या वर येत नव्हती. वाडीतल्या चार गड्यांनी डोली केली. त्यांतला भिकू पुढे, बाकीचे मागे, वर इरल्यांचं छप्पर, आणि आवडी बाजूनं तांब्या घेऊन धावत. वाट त्या माळावरूनच जात होती. झापांच्या फटीतून सहा पांढऱ्या गाड्या दिसल्या. प्रत्येकीत गादी घातलेला पलंग, प्रत्येकीत औषधाचं कपाट, टाकीत थोडं का होईना पेट्रोल. चालवणारा एकच होता पंचक्रोशीत, आणि तो डोलीत होता.

भिकूनं क्षणभर थांबून खांदा बदलला. पावसातून डोली पोलादपूरला गेली आणि तिथून एसटीनं महाडच्या सरकारी दवाखान्यात. विषमज्वर निघाला. डॉक्टर म्हणाले, महिना तरी लागेल.

तुळसा बिरवाडीहून आली आणि बापाजवळ राहिली. आवडी आठ दिवसांनी कपडे-धान्य बघायला खडकवाडीला परतली. दार उघडलं, चूल पेटवली आणि तिच्या ध्यानात आलं की आज सोमवार.

तिनं स्वतःशी खूप वाद घातला. ज्यांच्यासाठी नवरा भिजून आजारी पडला त्यांच्या गाड्या गेल्या खड्ड्यात. कुणाला कळणार होतं? मग खुंटीला लावलेल्या किल्ल्या तिनं काढल्या, पदर खोचला आणि माळाकडे निघाली.

पहिल्या गाडीत ती धुराड्याचा बोळा काढायला विसरली. इंजिन खोकून बंद पडलं. बोळा काढला, चोक ओढला, पायाऐवजी हातानं पेट्रोल सोडायची कळ ओढून ठेवली, पुढे आली, हँडल फिरवलं. काही नाही. पुन्हा. पुन्हा. सहाव्या वेळी दांडा उलटा फिरला. अंगठा जागेवर होता म्हणून मनगट वाचलं, पण दांड्याचं टोक कोपराखाली असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती चिखलात बसली, थोडी रडली, उठली. सातव्या वेळी इंजिन सुरू झालं. एकटीनं सुरू केलेलं पहिलं इंजिन! त्या रिकाम्या शेडमध्ये तिनं मोठ्यानं "हां!" केलं.

चार गाड्या झाल्या. पाचवी काही केल्या बोलेना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. ताप होता, पण माणूस शुद्धीवर होता.

"पाच लंबरची उठत नाय. हँडल मारून मारून हात गेलं माझं."

हैबतीनं डोळे उघडले. तिच्या हातावरचा काळानिळा वळ बघितला. तिला वाटलं, आता म्हणेल, कशाला गेलीस. पण तो म्हणाला, "प्लग ओलं झाल्यात. चार हायत वरती, वायरी लावलेल्या. कोणती वायर कुठली त्याला दोरा बांधून ठेव, नायतर इकडची तिकडं करशील. पान्यानं काढ, पूस, नि चुलीच्या वायलावर ठेव. ऊन झालं पायजे, लाल नाय. तसंच गरम गरम परत लाव."

तिनं घरी जाऊन तसंच केलं. वायलावर भाकरीऐवजी चार प्लग. पदरात गुंडाळून पळत माळावर नेले. पाचवी पहिल्याच फेऱ्याला उठली, मागोमाग सहावीही.

असे पाच सोमवार तिनं एकटीनं काढले. हैबती घरी आला तेव्हा हाडांचा सापळा होता. भिकूच्या आधारानं तो आधी शेडवर गेला. आवडीनं एकेक करून सहाही सुरू करून दाखवल्या. तो ठोकळ्यावर बसून ऐकत होता. शेवटचं इंजिन बंद झाल्यावर म्हणाला, "तिसरीचा चोक जरा उशिरा ढकललास."

"ढकलला तर ढकलला!" ती म्हणाली. आणि मग दोघंही हसत सुटली.

त्यानंतरच्या कार्तिकात, दुपारच्या एसटीनं पोलादपूरला एक परका माणूस उतरला. ठेंगणा, गोरापान, बारीक डोळ्यांचा, अंगात जुना कोट, हातात छत्री आणि पत्र्याची पेटी. हिंदीत विचारत विचारत तो खडकवाडीच्या माळावर पोचला. हैबती आणि आवडी झाप उतरवत होती.

"मी डॉक्टर लोमांग," तो म्हणाला. "दोरलुंगचा."

आवडीच्या हातातला कोयता तसाच राहिला. दहा महिने ज्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या ते सरकार हे असं, मळक्या बुटांनी, पायी चालत येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर सरळ शेडमध्ये गेला. प्रत्येक गाडीला हात लावत सहाव्या गाडीपर्यंत गेला. परत येताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं कलकत्त्यात डॉक्टरकी शिकताना हिंदी उचललं होतं; हैबतीला मुंबईचं हिंदी येत होतं. मधूनमधून हैबती आवडीला सांगत होता.

"ह्यो बोलतोय, गाड्या गंजून गेल्या असतील असं त्याला मुंबईत सांगितलं होतं."

"त्याला विचारा, पैसं का नाय दिलं?" आवडी म्हणाली.

"अगो, पाव्हणा हाय..."

"पाव्हणा हाय म्हणूनच इचारा. दुसऱ्या कोनाला इचारू?"

डॉक्टरला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. तो तिच्याकडेच बघून बोलला. गाड्यांसाठी बाजूला ठेवलेला पैसा दरबारानं नव्या राजवाड्याच्या पाहुणेघरावर उडवला होता. मंत्री बदलले, कागद इकडचे तिकडे झाले, तारांना उत्तर द्यायचं नाही असं ठरलं. "सरकार लाजत नाही," तो म्हणाला, "पण मागणीच्या कागदावर सही माझी आहे. मी लाजतो. म्हणून रजा घेऊन, स्वतःच्या खर्चानं आलोय. कंपनीला सांगायला की थोडा धीर धरा. आणि गाड्या जिवंत आहेत का ते बघायला."

मग त्यानं विचारलं, पगार किती महिने नाही? हैबतीनं नुसताच हात हलवला. आवडीनं मात्र सगळं सांगितलं. डोली, पाऊस, आणि माळावरून जाताना दिसलेल्या सहा गाड्या. हैबतीला ते हिंदीत सांगताना जड गेलं. "त्या दिवशी चालवणारा असता," तिनं शेवटी म्हटलं, "तर मी गाडी काढली असती. ह्यांनी नाय म्हटलं असतं तरी काढली असती. मग तुमच्या राजानं मला तुरुंगात टाकलं असतं तरी चाललं असतं."

डॉक्टरनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "आमच्याकडे बायकांना बाळंतपणात टोपलीत घालून पाठीवर आणतात. चार दिवसांची वाट. निम्म्या वाटेत संपतात."

त्याला घाटात गाडी कशी चालते ते बघायचं होतं. पण हैबती अडला. कंपनीच्या परवानगीशिवाय गाडी शेडबाहेर काढणार नाही. डॉक्टरनं समजूत काढली, हैबती हलेना. आवडीच मधे पडली.

"कंपनीनं काय ठरवलं होतं? त्यांचा माणूस येऊन डोळ्यांनी घाट बघंल, असंच ना? मग आला की माणूस! परवानगी तर गेल्या साली दिलेलीच हाय."

हैबती तिच्याकडे बघतच राहिला. त्यानं ठोकळे काढले, चाकांत हवा भरली.

डॉक्टर पुढे बसला नाही. मागे गेला आणि रुग्णाच्या पलंगावर आडवा झाला. "आजाऱ्याला काय वाटतं ते बघायचंय." शेजारच्या बाकावर आवडी बसली. तिनंही आपली परीक्षा ठरवली होती: तांब्या काठोकाठ भरून मांडीवर घेतला. साऱ्या वाडीला मोटारीत बसलेली आवडी बघायची होती. महिपतरावही बांधावर येऊन उभे राहिले.

हैबतीनं गाडी घाटात चढवली. अशक्त होता, पण चाकावर हात ठेवल्यावर त्याच्या अंगात निराळाच माणूस यायचा. वळण येण्याआधी गाडी कशी हळू होते, गिअर बदलला तो कळतसुद्धा नाही, हे आवडीनं पहिल्यांदा अनुभवलं. बारा वर्षं मुंबईत हा माणूस काय करत होता ते तिला त्या दुपारी कळलं. प्रतापगडाच्या फाट्यावर गाडी थांबली. डॉक्टर उठून बसला, त्यानं तांब्यात वाकून बघितलं. थोडं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं होतं, ओंजळभरही नाही.

"दारावर काय लिवलंय?" आवडीनं विचारलं. हे तिला वर्षभर विचारायचं होतं.

डॉक्टरनं आपल्या भाषेत वाचलं, मग हिंदीत सांगितलं. हैबतीनं मराठीत सांगितलं, "आजाऱ्याला वाट द्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळच्या एसटीनं गेला. जाताना दोघांना वाकून नमस्कार करून गेला. पैशाचं त्यानं काहीच वचन दिलं नाही, आणि आवडीला नेमकं तेच आवडलं.

फाल्गुनात पेस्तनजी मोटारीनं आले, यावेळी हसत. दोरलुंगनं दोन गाड्यांचे पैसे धाडले होते, चोख. बाकी चार कंपनी दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यांना विकणार होती; गाड्या इतक्या उत्तम स्थितीत होत्या की गिऱ्हाईक चटकन मिळालं. हैबतीचा राहिलेला सगळा पगार त्यांनी त्याच्या हातात दिला, महिपतरावांचं भाडंही. मग खिशातून एक पत्र काढलं.

"त्या डॉक्टरनं एक अट घातली हाय. गाड्यांबरोबर वर्षभर शिकवायला माणूस पाहिजे. मी लिहिलं, हैबतीला धाडतो. तर तो लिहितो, एकटा हैबती नको. 'गाडी चालवायला माणसं मिळतील. गाडी जिवंत कशी ठेवायची ते शिकवायला त्याची बायको हवी.' असं लिहिलंय, वाच."

हैबतीनं आवडीकडे बघितलं. "एवढ्या लांब? बर्फात? लोक काय म्हणतील गो..."

"लोकांनी किती सोमवार हँडल मारलं?" आवडी म्हणाली. "मी येनार."

चैत्रात ती दोघं गेली. खडकवाडीची बाई आगगाडीत बसून बर्फाच्या मुलखात गेली ही गोष्ट महाडच्या बाजारात कितीतरी दिवस चघळली गेली. कुणी हसलं, कुणाला खरंच वाटलं नाही.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात महाडच्या एसटी स्टँडवर तुळसा त्यांना घ्यायला आली. आवडीच्या गालांची कातडी थंडीनं फुटून काळी पडली होती, अंगावर लोकरीची जाड शाल होती आणि उकाड्यानं जीव जात असूनही शाल काढायला ती तयार नव्हती. तिथं तिनं पाच माणसांना शिकवलं होतं. भाषा येत नव्हती, त्यामुळे हातानं दाखवायचं आणि चुकलं की मराठीत ओरडायचं. ती पाचही माणसं चोक ढकलताना आता "हां!" म्हणतात, असं हैबतीनं हसत हसत सांगितलं.

वाडीत त्या संध्याकाळी सगळे जमले. महिपतरावांनीच विचारलं, "शेवटी शुद्ध आली म्हणायची त्या सरकारला? दोन गाड्यांचे का होईना, दिले पैसे."

"सरकारनं नाय दिलं, दादा," आवडी म्हणाली. "आमाला बी तिथं गेल्यावर कळलं. डॉक्टर बोललाच नव्हता. हितनं गेला तो घरी नाय गेला, गावोगाव हिंडला. सात खोऱ्यांत, पायी, भर थंडीत. प्रत्येक घरातनं लोकर मागितली. कोनी मूठभर दिली, कोनी पोतंभर. ज्यांच्याकडं मेंढरं नव्हती त्यांनी लोणी दिलं. ती सगळी लोकर विकून दोन गाड्या घेतल्या. आजून दरबारातलं कोन त्याच्याशी धड बोलत नाय म्हनं."

महिपतरावांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

"आणि पहिल्या फेरीला मी होते गाडीत," आवडी पुढे सांगू लागली. "एक बाई होती, दिवस भरलेली, दोन घाटांपल्याडची. ह्यांनी चालवली. दवाखान्यात पोचली नि तासाभरात मुलगी झाली. तिच्या सासूनं मला ही शाल दिली. त्या शालीला नको म्हणता येईना."

कुणीतरी विचारलं, मुलीचं नाव काय ठेवलं. आवडीला ते नाव नीट म्हणता येत नव्हतं. तिनं दोनदा प्रयत्न केला, सगळे हसले, मग हैबतीनं म्हणून दाखवलं तर तेही चुकलं. बायका शाल हातात घेऊन तिची वीण चाचपून बघत होत्या, आणि तुळसा आत चुलीवर चहा ठेवत होती.